गावच्या वाचनालयात बदल करायचे आहेत, पण गाडी हलत नाही. सुरुवात कुठून करावी?

नवा सचिव

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं सचिवपद नुकतंच माझ्याकडे आलं आहे. शासकीय अनुदानासाठीचा वर्ग 'ब'. दाखल पुस्तकं ८,२००. इमारत स्वतःची, दोन खोल्या आणि समोर ओटा. ग्रंथपाल आणि शिपाई दोघंही अर्धवेळ. रोज सरासरी १२ ते १५ पुस्तकांची देवघेव होते. वर्तमानपत्रं वाचायला सकाळी ज्येष्ठ मंडळी येतात, दुपारी भरतीची तयारी करणारी पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन बसतात. बाया आणि लहान मुलं जवळजवळ नाहीतच.

सगळी पुस्तकं कुलूपबंद लोखंडी कपाटांत आहेत. सभासदाने नाव सांगायचं, ग्रंथपालांनी काढून द्यायचं. नाव माहीत नसेल तर समोर दिसेल ते न्यायचं. मला चार गोष्टी करायच्या आहेत: कपाटं उघडी करणं, नोंदी संगणकावर घेणं, जीर्ण पुस्तकं बाजूला काढणं आणि वाचनालय बचत गटांपर्यंत व शाळेपर्यंत नेणं.

कार्यकारिणीचं म्हणणं असं की कपाटं उघडली की पुस्तकं जातील, मग तपासणीत अडचण येईल आणि अनुदानावर गदा येईल. ही मंडळी वाईट नाहीत. यांनीच पदरमोड करून वाचनालय उभं केलं आणि तीसेक वर्षं टिकवलं, त्यामुळे त्यांना बाजूला सारून काही करायचं नाही. ग्रंथपाल प्रत्येक सूचनेला 'हो' म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही.

या चारपैकी आधी कोणतं घ्यावं? मंडळींना कसं सोबत घ्यावं? आणि या कामांत नेमकं बिघडतं कुठे? ज्यांना कामाची माहिती आहे त्यांनी बारकाव्यांसह सांगावं ही विनंती.

जुना ग्रंथपाल

सचिवभाऊ, ग्रंथपाल 'हो' म्हणतात आणि काही होत नाही, यातच खरी गाठ आहे. त्यांना एकच प्रश्न विचारा: पुस्तक हरवलं तर पैसे कोण भरतं? बहुतेक गावांत हे कुठे लिहिलेलं नसतं, पण पडताळणीत पुस्तक कमी आलं की बोट ग्रंथपालाकडेच जातं. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा माणूस अशा वेळी कपाटाची किल्ली सोडणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. म्हणून पहिला बदल कपाटात करू नका. हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर बदला.

त्याला आधारही आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ ग्रंथालयांसाठी आहे. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं तो वाजवी मानतो. अट एवढीच की ते अप्रामाणिकपणाने किंवा निष्काळजीपणाने गेलेले नसावेत. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी करायची, हेही त्याच नियमात आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या अनुदानित वाचनालयांना थेट लागू होत नाही. पण कार्यकारिणीच्या ठरावाला यापेक्षा भक्कम आधार नाही.

आता तुमचा हिशेब करा. रोज १३ पुस्तकं, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे सुमारे ३,९०० देवघेवी. हजारी पाच म्हणजे साधारण २० पुस्तकं. सरासरी किंमत दोनशे रुपये धरली तर चार हजार रुपये. सभेत हा आकडा मांडा. 'पुस्तकं जातील' या भीतीला आकार नसतो. 'जास्तीत जास्त चार हजार, आणि तेही सगळं गेलं तर' असं म्हटलं की मंडळी शांतपणे विचार करतात.

ठराव असा लिहा:

"प्रायोगिक तत्त्वावर दि. … ते दि. … या तीन महिन्यांसाठी दोन कपाटे वाचकांस खुली ठेवण्यात यावीत. या काळात सदर कपाटांतील दर हजार देवघेवींमागे पाच ग्रंथांपर्यंत गहाळ झाल्यास त्याची वसुली ग्रंथपालाकडून करण्यात येऊ नये. त्याहून अधिक गहाळ झाल्यास कारणांची चौकशी कार्यकारिणीने करावी. मुदतीअखेर दोन्ही कपाटांची पडताळणी करून अहवाल सभेपुढे ठेवावा व प्रयोग पुढे चालू ठेवावा किंवा बंद करावा याचा निर्णय घ्यावा. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर."

'बंद करावा' हे दोन शब्द गाळू नका. परत फिरता येतं हे दिसलं की विरोध निम्मा होतो. सूचक म्हणून स्वतःचं नाव घालू नका, सगळ्यात जास्त शंका घेणाऱ्या ज्येष्ठांना विनंती करा. त्यांच्या एक-दोन अटी येतील, त्या ठरावात घाला. बहुतेक वेळा त्या अटी चांगल्याच असतात.

ठरावाची प्रत आणि एक साधं पत्र जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. अशा प्रयोगाला परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची. 'तपासणीत अडचण' या मुद्द्याला ती पोच हेच उत्तर.

कपाटं कोणती उघडायची? इथे बहुतेक जण फसतात. भीतीपोटी कोणी हात न लावणाऱ्या पुस्तकांचं कपाट उघडतात. तीन महिन्यांत काहीच हरवत नाही आणि काहीच वाचलंही जात नाही, प्रयोगातून काही कळत नाही. एक कपाट मुलांच्या पुस्तकांचं घ्या, दुसरं सर्वाधिक मागणीच्या कथा-कादंबऱ्यांचं. सुरू करण्याआधीच्या महिन्यात त्या दोन कपाटांतून किती पुस्तकं गेली ते मोजून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

मांडणीचं सांगतो. वाचकांसाठीची सगळ्यात वरची फळी डोळ्यांच्या उंचीपर्यंत, म्हणजे पाच फुटांच्या आत. मुलांची साडेतीन फुटांच्या आत. दोन रांगांत किमान तीन फूट वाट. तीन फुटांच्या फळीवर पस्तीसेक पुस्तकं ठेवा, चतुर्थांश जागा मोकळी राहू द्या. गच्च फळीतून मूल पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला धरून ओढतं आणि पाठ फाटते. काही पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवा. पिशव्या दाराशी, ये-जा एकाच दारातून, ग्रंथपालांचं टेबल त्या दाराकडे तोंड करून.

खुल्या कपाटांत चोरीपेक्षा जास्त त्रास होतो तो चुकीच्या जागी ठेवलेल्या पुस्तकांचा. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. यावर दोन नियम करा. पाहून झालेलं पुस्तक वाचकाने परत फळीवर ठेवायचं नाही, टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवायचं. आणि रोज उघडल्यावर शिपायाने पंधरा मिनिटं एका कपाटाचा क्रम तपासायचा, दुसऱ्या दिवशी पुढचं कपाट.

आणि हो, नवं काम देण्याआधी एखादं जुनं काम कमी करा. अनेक वाचनालयांत देवघेव वहीत प्रत्येक वेळी पुस्तकाचं नाव, लेखक, सभासदाचं पूर्ण नाव लिहितात. दिनांक, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आल्यावर रजिस्टरमध्ये मिळालेला क्रमांक) आणि विषयाचं एक अक्षर एवढं पुरतं का, हे जिल्हा कार्यालयात विचारून घ्या आणि तसं करा. वाचलेला वेळ क्रम लावायला मिळेल. ग्रंथपालांना हाच बदल सगळ्यात आधी आवडेल.

कळफलक

संगणकीकरणावर लिहितो. बहुतेक ठिकाणी सुरुवात 'सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं' इथून होते आणि तिथेच अडकते. आधी साध्या एक्सेल शीटमध्ये नोंदी घ्या. त्या नीट असतील तर पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जातील.

रकाने हे ठेवा: दाखल क्रमांक, दाखल दिनांक, शीर्षक, लेखकाचं आडनाव, लेखकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठं, किंमत, विभाग, कपाट क्रमांक, मिळाल्याचा मार्ग (खरेदी, भेट, ग्रंथालयांना पुस्तकं देणारं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान), बिल क्रमांक, सद्यस्थिती, शेरा. छापलेला असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. आडनाव आणि नाव एकाच रकान्यात घेतलंत तर पुढे क्रम लावताना रडकुंडीला याल.

दाखल रजिस्टर समोर ठेवून टंकू नका. कपाटासमोर बसा, पुस्तक हातात घ्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं. नोंद झाली की रजिस्टरमध्ये त्या क्रमांकावर पेन्सिलीने बारीक टिंब. अशाने संगणकीकरण आणि ग्रंथपडताळणी एकाच कष्टात होते. शेवटी रजिस्टरमध्ये टिंब नसलेले क्रमांक म्हणजे न आढळलेली पुस्तकं. त्या ओळीही शीटमध्ये घ्या आणि सद्यस्थितीत 'आढळले नाही' लिहा. क्रमांक गाळू नका.

सरावलेली जोडी तासाला चाळीसेक नोंदी करते. म्हणजे ८,२०० पुस्तकांना सुमारे २०५ तास. रोज दोन तास धरले तर साडेतीन महिने. 'पंधरा दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्याला काम देऊ नका. रोजच्या नोंदींपैकी कोणत्याही दहा नोंदी प्रत्यक्ष पुस्तकाशी ताडून पाहा. दोन किंवा जास्त चुकल्या असतील तर त्या दिवसाचं सगळं पुन्हा तपासा.

मराठीतल्या खास अडचणी:

पहिली फॉन्टची. तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर अजूनही कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम होतं. ते शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडलं की निरर्थक अक्षरं दिसतात. युनिकोडच हवं, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारखं दिसणारं टंकन. तपासायची सोपी रीत: शीटमधली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. फोनवर मराठी नीट दिसलं तर युनिकोड.

दुसरी आकड्यांची. दाखल क्रमांक, वर्ष आणि किंमत इंग्रजी आकड्यांत टंका. एक्सेल देवनागरी आकड्यांना मजकूर समजतं. मग क्रम १, १०, १००, २ असा लागतो आणि किमतीची बेरीज होत नाही.

तिसरी अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते. 'वऱ्हाड' किंवा 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. दिसायला तंतोतंत सारखा, संगणकाला मात्र वेगळा. एकाने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकलं की निम्मी पुस्तकं शोधात येत नाहीत. दोघांनी एकच कळफलक वापरायचा, आणि शेवटी 'शोधा व बदला' करून एकच रूप ठेवायचं. 'कुलकर्णी–कुळकर्णी' सारखंही तसंच: पुस्तकावर छापलं आहे तेच लिहायचं, पण एकाच लेखकाची दोन रूपं आढळली तर एक ठरवून शेऱ्यात दुसरं.

चौथी, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्यासाठी फाईल सीएसव्ही या साध्या मजकूर-रूपात जतन करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते, आणि मूळ फाईल ठेवलेली नसेल तर ती परत मिळत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत. कोहा मोफत आणि मुक्त स्रोत आहे. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ते पहिल्यांदा वापरात आलं, आज जगभर चालतं. पण ते लिनक्सवर चालतं आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस हाताशी लागतो. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे, ते तुमच्यासारख्या संस्थेला मिळतं का याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करा. अर्धवेळ माणसं आणि एकच संगणक असेल तर पहिलं वर्षभर नुसत्या शीटवर शोध द्या. वाचकाला 'हे पुस्तक आहे का, कोणत्या कपाटात' हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं तरी मोठी मजल झाली.

यंत्रसामग्री: डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, वीज गेली तरी काम थांबत नाही. डेस्कटॉपच असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस लावा, फाईल जतन करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो. मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून विजेपासून बचाव होत नाही. दर शनिवारी प्रत घ्या, दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक वाचनालयाबाहेर कोणाच्या तरी घरी.

दाखल रजिस्टर मात्र हाताने लिहिलेलं, पानांना क्रमांक असलेलं, कायम चालू ठेवा. ते मूळ दप्तर आहे. देवघेव वही आणि संगणक दोन्हीकडे लिहिण्याचं दुहेरी काम एका महिन्यापेक्षा जास्त चालवू नका. लांबलं की माणसं थकतात आणि जे नवं तेच आधी सुटतं.

वर्धेची ताई

बचत गटांचं विचारलंत म्हणून. सचिवदादा, बायांना वाचनालयात आणायचा आग्रह आधी सोडा. सकाळी डबा-पाणी, दिवसभर वावर, सांजेला चूल. वाचनालयाची वेळ आणि त्यांची वेळ जुळतच नाही. पुस्तकंच त्यांच्याकडे जाऊ द्या.

उमेदच्या, म्हणजे सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांची बैठक दर आठवड्याला असते आणि गावातल्या गटांच्या ग्रामसंघाची महिन्यातून एकदा. पुस्तकांची पिशवी गटाला द्यायची, अदलाबदल ग्रामसंघाच्या बैठकीत करायची. एका पिशवीत वीस पुस्तकं, त्याहून जास्त ओझं कोणी नेत नाही. मी सुचवेन अशी वाटणी: सात-आठ कथासंग्रह आणि छोट्या कादंबऱ्या, तीन आरोग्य आणि बाळंतपणाची, दोन कायदा आणि सरकारी योजनांची, दोन शेळी-कुक्कुटपालन किंवा शिवणकामाची, बाकी मुलांना वाचून दाखवायची मोठ्या टायपातली. दीडशे पानांपेक्षा जाड पुस्तक पहिल्या पिशवीत नको. जाड पुस्तक महिन्यात संपत नाही, बाईला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि पुढच्या वेळी ती घेतच नाही.

यादीच्या दोन प्रती करा, एक पिशवीत, एक वाचनालयात. गटात कोणी कोणतं नेलं याची नोंद गटाच्या लिहिणाऱ्या ताईने ठेवायची. वैयक्तिक अनामत मागू नका, तिथेच सगळं थांबतं. गटाला संस्था-सभासद करा, सही अध्यक्ष आणि सचिव ताईंची. एखादं पुस्तक हरवलं तर तेवढ्याच किमतीचं दुसरं द्यायचं, त्यापलीकडे दंड नाही. आणि एक पुस्तक आलं नाही म्हणून पुढची पिशवी अडवायची नाही. अडवली की हरवणाऱ्या बाईवर बाकीच्या चिडतात आणि गटातच बेबनाव होतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं कोणीतरी मोठ्याने वाचायचं. सीआरपी ताईंना (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) विश्वासात घ्या, त्यांच्या शब्दाला गटात वजन असतं.

वेळापत्रक शेतीकडे पाहून ठरवा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो म्हणून सगळे उपक्रम तेव्हाच सुरू करतात, आणि आपल्याकडे नेमकी सोयाबीनची सोंगणी चालू असते, पाठोपाठ कापसाची वेचणी. कोणी येत नाही, आणि मग 'लोकांना गोडी नाही' असा निष्कर्ष निघतो. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन बरा. आतली कामं, म्हणजे लेबलं, कपाटं हलवणं, नोंदी, ही उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा. कॉलेजची पोरंही तेव्हा मदतीला मिळतात.

शाळेसाठी चाळीस पुस्तकांची पेटी, महिन्याने बदलायची. पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊन बसू नये. वर्गात, मुलांच्या हाताला लागेल अशी राहील, एवढं कबूल करूनच द्या.

नवा सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. हजारी पाचचा हिशेब मी लगेच मांडणार आहे, आणि वसुलीचं ग्रंथपालांना विचारलंही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं.

आणखी दोन शंका. एक, जीर्ण पुस्तकं. अध्यक्षकाका म्हणतात एकही पुस्तक काढायचं नाही, आकडा कमी झाला तर वर्ग घसरेल. दोन, मागच्या खोलीत उधई (वाळवी) लागली आहे, आणि उन्हाळ्यात अभ्यासिकेच्या पोरांसाठी कूलर लावतो त्याच खोलीत चार कपाटं आहेत. काही दिवसांपासून तिथल्या पुस्तकांना कुबट वास येतो.

जुना ग्रंथपाल

अध्यक्षकाकांची शंका रास्त आहे. वर्ग टिकवायला पुस्तकांची किमान संख्या लागते, म्हणून निर्लेखनाआधी, म्हणजे पुस्तकं दप्तरातून रीतसर कमी करण्याआधी, आपल्या वर्गाचा सध्याचा निकष लेखी घ्या आणि त्याच्या वर पुरेशी शिल्लक ठेवूनच हात घाला. शिल्लक नसेल तर त्या वर्षीच्या खरेदीत जेवढी नवी आली त्याच्या निम्मी काढायची असं धोरण ठेवा. आकडा वाढतच राहतो, काकांना चिंता नको.

काय काढायचं: पानं गळालेली आणि दुरुस्तीपलीकडची, अभ्यासक्रम बदलल्याने निरुपयोगी झालेली स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, कालबाह्य कायदा आणि कर यांवरची पुस्तकं, एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती असतील तर त्यांतल्या जास्तीच्या. जुनं आरोग्यविषयक पुस्तक चुकीचा सल्ला देतं, ते ठेवणं धोक्याचं.

काय काढायचं नाही, कितीही फाटलेलं असलं तरी: गावाच्या, तालुक्याच्या, वऱ्हाडच्या इतिहासाशी संबंधित काहीही, गॅझेटियर, स्थानिक लेखकांची पुस्तकं, शाळा-संस्थांच्या स्मरणिका, जुने बांधीव दिवाळी अंक. हे दुसरीकडे मिळत नाही. काकांना याच निवडीच्या समितीत घ्या. काय अनमोल आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कागदाचा क्रम असा. तिघांची समिती. यादी: दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत, कारण. सभेचा ठराव. यादीसह जिल्हा कार्यालयाला पत्र, आणि इथे मात्र उत्तर येईपर्यंत थांबा. मग दाखल रजिस्टरच्या शेरा रकान्यात लाल शाईने ठराव क्रमांक आणि दिनांक, पुस्तकावर 'निर्लेखित' शिक्का. रद्द झालेला दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका. रद्दीची रक्कम पावती फाडून जमा करा. शिक्का न मारता रद्दीत गेलेलं पुस्तक आठवडी बाजारात भेळेच्या पुडीतून दिसलं की वाचनालयाची अब्रू जाते.

वर्गीकरणही याच वेळी हाती घ्या, पुस्तक तसंही हातात असतं. पूर्ण ड्युई दशांश (विषयाप्रमाणे क्रमांक देण्याची पद्धत) लावायच्या फंदात पडू नका. मराठी कादंबरी-कथा सगळी ८९१.४६३ मध्ये येते, म्हणजे तुमचं निम्मं वाचनालय एकाच क्रमांकात. कथा-कादंबरी लेखकाच्या आडनावाने लावा, बाकीला ड्युईचा तीन अंकी क्रमांक पुरे: शेती ६३०, शिक्षण ३७०. चरित्रं ९२० मध्ये, आणि ज्याचं चरित्र आहे त्याच्या नावाने. पाठीवर खालून एक इंच सोडून लेबल, विभागानुसार रंगीत पट्टी. न शिकलेला माणूसही रंग पाहून पुस्तक जागेवर ठेवतो.

एक वही आणखी सुरू करा, नकार वही. वाचकाने मागितलं आणि मिळालं नाही ते तिच्यात लिहायचं: दिनांक, काय मागितलं, कोणी (मूल, बाई, कास्तकार, विद्यार्थी). पुढची खरेदी त्या वहीवरून. यादी दुकानदाराने ठरवली की एकाच प्रकारची पुस्तकं ढिगाने येतात आणि नवी असूनही पडून राहतात.

बांधणीकार

उधई आणि कुबट वासाचं मी सांगतो.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्याने भिंत आणि फरशीच्या सांध्यात फटी पडतात, उधई तिथूनच वर येते. नुसतं कपाटावर औषध फवारून काही होत नाही. आधी कपाटं रिकामी करून भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा. फटींत भिंतीच्या कडेने जाणकाराकडून उधईचं औषध टोचून घ्या आणि मग सिमेंटने बुजवा. बुजवून मग औषध घेतलं तर ते आत पोचतच नाही. लोखंडी कपाटालाही उधई लागते, ती मागून मातीची नळी करत चढते, म्हणून महिन्यातून एकदा मागे टॉर्च मारून पाहा. खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. लागलेली पुस्तकं बाहेर नेऊन पान न् पान झटका, सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि पाठ उकलते.

कुबट वास कूलरचाच. पाण्याचा कूलर हवेत ओल सोडतो. खोली बंद असेल तर ती ओल कागद शोषतो आणि बुरशी धरते. उपाय दोनच. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, म्हणजे हवा बाहेर जाते, आणि झोत कपाटांकडे नको. त्याहून बरं म्हणजे त्या खोलीतली चार कपाटं दुसऱ्या खोलीत न्या आणि ही खोली फक्त अभ्यासिकेला द्या. बुरशी धरलेली पुस्तकं आधी वेगळी काढा, चांगल्यांत ठेवली तर पसरते. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने ओट्यावर, तोंडाला फडकं बांधून झटका. ओली असताना पुसली की डाग आत जातो.

लेबल आणि दुरुस्तीसाठी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद वितळून पिवळा पडतो, शेजारचं पुस्तक चिकटतं, आणि सोलली की छपाई निघून येते. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागद आणि पांढरा सिंथेटिक गोंद, पाणी घालून पातळ केलेला. कणकेच्या खळीवर कसर आणि झुरळं येतात. खळच वापरायची असेल तर शिजवताना किंचित मोरचूद टाका, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लेबल लावल्यावर पुस्तकं लगेच फळीत दाबून बसवू नका. रात्रभर उभी, सुटी ठेवा, नाहीतर सकाळी दोन-दोन पुस्तकं एकमेकांना चिकटलेली निघतील.